दहा हजारांवरचा एक

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे थोर लोक आता कुणाच्या लक्षातही नाहीत, आणि तेही बरंच झालं. पोरांनो, पुढं सरकून बसा. थोरांनो, तुम्हीही बसा. गोष्ट जरा झोंबेल, पण मधेच उठून जायचं नाही.

डोंगरांच्या मधोमध एक खोरं होतं. खोऱ्याच्या तोंडाशी दोन कड्यांमधली खिंड, आणि त्या खिंडीतून खोऱ्यातली एकुलती एक नदी बाहेर पळायची. श्रावणात दुथडी, माघात गुडघाभर, चैत्रात नुसती वाळू.

खोऱ्याच्या पहिल्या राजानं ठरवलं, खिंडीत बांध घालायचा. त्यानं प्रत्येक घराकडून एक दगड मागितला. सगळे एका मापाचे, चौकोनी, दोघांनी मिळून उचलावेत असे. प्रत्येक दगडावर त्या त्या घराची खूण. ज्याचा दगड बांधात, त्याला पाण्याचा हक्क.

राजानं अटीही घातल्या. एकही दगड फोडायचा नाही. एकही बाहेर ठेवायचा नाही. आणि बांधाच्या प्रत्येक थरात दगड सारखेच हवेत. एक थर लांब, एक आखूड असं झालं, की भिंत डुगडुगते.

दगड जमले. मोजले. दहा हजार एक भरले.

आता एका थरात किती लावायचे? राजानं हा प्रश्न राज्यातल्या गणकांवर सोपवला आणि मग तो वारला. तिथंच घोळ झाला.

गणक म्हणजे आकडेमोड करणारे मोठे लोक. त्यांनी मसलत केली आणि एक रीत पाडली. जो थोरला गणक गादीवर बसेल, त्यानं बसण्याच्या दिवशी एक भागाकार करायचा. एकच. पहिल्यानं दोनानं भागलं, एक उरला. दुसऱ्यानं तीनानं भागलं, दोन उरले. तिसऱ्यानं चार सोडून पाचानं, कारण दोनानं जात नाही ते चारानंही जात नाही; चौथ्यानं तसंच सहा सोडून सातानं. बाकी राहिली की शाल, नारळ, गावजेवण, आणि मग तो गणक मरेपर्यंत गादीवर लोळायचा. तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी दुसरा भागाकार का नाही केला? अहो, दुसरा केला तर पुढच्या गणकाचा मान जातो! मान मोठा, पाणी धाकटं.

असे वीस गणक झाले. विसावा एकाहत्तरापर्यंत पोचला. बाकी उरली. तोही मेला.

एकविसावा गादीवर बसला, तेव्हा त्यानं आकडेमोडीच्या धूळपाटीला हातसुद्धा लावला नाही. तो म्हणाला, "वीस थोरांना जो आकडा फुटला नाही, तो अतूट आहे. आता भागायला बसणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं." सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत बंद झाली. दगड माळावर पडून राहिले, त्यांच्यावर शेवाळ चढलं, आणि दहा हजार एक हा आकडा कड्यावर कोरून त्याला शेंदूर फासला गेला.

पुढं तर त्याची यात्रा भरू लागली. यात्रेत हेच एकविसावे थोरले गणक एक चमत्कार दाखवायचे. गर्दीतल्या कुणालाही म्हणायचे, "चार अंकी आकडा सांग." कुणी सांगायचं, ४७२६. गणक त्याला दहा हजार एकानं गुणायचे, आणि पाटीवर उमटायचं ४७२६४७२६. आकडा स्वतःलाच हाक मारून ओ देतोय! लोकांच्या अंगावर काटा यायचा. "बोलका आकडा" म्हणून लोक कड्यापुढं हात जोडायचे, आणि तहानलेले घरी जायचे.

याच खोऱ्यात एक मुलगी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या पणज्याचा पणजा सगळ्यांत शेवटी डोंगर ओलांडून आला होता, आणि दगडही त्याचाच शेवटचा होता. मुलीला सगळे तिरकी म्हणत, कारण सरळ सांगितलेली गोष्ट ती सरळ ऐकून घेत नसे. गणकांच्या शाळेत ती जेमतेम वर्षभर टिकली. एकदा तो चमत्कार शिकवताना तिनं उभं राहून विचारलं होतं, "गुरुजी, यात चमत्कार कसला? दहा हजारपट केली की आकडा चार घरं डावीकडं सरकतो. मागं चार शून्यं. मग उरलेली एकपट त्या चार शून्यांच्या जागी जाऊन बसते. आकडा दोनदा दिसणारच की!"

थोरल्या गणकांनी तिला घोटभर पाणीही न देता शाळेबाहेर काढलं होतं. तिचं म्हणणं चूक आहे असं काही ते म्हणाले नव्हते. चूक असती तर कदाचित ठेवूनही घेतलं असतं.

मग एक साल असं आलं, की नदी माघातच आटली. विहिरींना तळ दिसला. लोक राजाच्या दारात येऊन बसले, "बांध घाला, नाहीतर आम्ही खोरं सोडतो." तेव्हाचा राजा तरुण होता. माणूस वाईट नव्हता, पण गणकांना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हता. त्यानं माळावर सभा बोलावली.

थोरले गणक उठले. पांढरी दाढी, रेशमी उपरणं. बोलायच्या आधी खाकरले. "महाराज, मार्ग निघाला आहे. आकडा अतूट आहे, पण त्यातला एक काढला की दहा हजार उरतात. शंभर थर, दर थरात शंभर दगड. यापेक्षा सुबक काय असणार?"

सभेत आनंदाची लाट गेली. राजा म्हणाला, "आणि तो काढलेला एक?"

"जो शेवटी आला, तो आधी जाईल," थोरले गणक म्हणाले. "मेंढक्याचं घर. दगड नाही, तर पाणी नाही. पाणी नाही, तर इथं राहून करणार काय? सूर्य मावळायच्या आत त्यांनी खिंड ओलांडावी. दहा हजार घरांसाठी एका घरानं एवढं करायला हवं. पुण्य लागेल त्यांना."

पुण्य! दुसऱ्याच्या घराचं पुण्य करायला मोठ्यांना फार आवडतं.

तिरकीनं आपल्या बापाकडं पाहिलं. तिला वाटलं, आबा आता उठतील, काठी आपटतील. आबा उठलेही. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि मान खाली घातली. "थोरले म्हणत्यात तर... आम्ही जातो, महाराज. मेंढरं तेवढी न्यायला मुभा असावी."

तिरकीच्या डोक्यात जाळ झाला. थोरल्या गणकांपेक्षा तिला बापाचाच राग जास्त आला. "आबा, मुंडासं घाला डोक्यावर," ती ओरडली. "कुणी मेलंय का इथं?"

"पोरी, गप. मोठी माणसं बोलत्यात."

"बोलू द्या की! पण त्यांचं झालं की मीही बोलणार." ती गर्दी चिरून पुढं गेली. "गणकबाबा, एक काढता ना तुम्ही? काढा. मग यात्रेत दाखवा बरं तुमचा चमत्कार. ४७२६ला नुसत्या दहा हजारानं गुणा. काय येईल?"

गर्दीतलं कुणीतरी मनाशी गुणून बोललं, "४७२६ आणि पुढं चार शून्यं."

"शून्यं! ओ देणारा तोच एक आहे. तुम्ही ज्याला जास्तीचा म्हणता, त्याच्यामुळंच तुमचा देव बोलतोय."

लोक हसले. थोरले गणक हसले नाहीत. "वाचाळपणानं बांध होत नाही, पोरी. आकडा फुटत नाही, म्हणून एक काढायचा. तुला फुटतो का? वीस थोरांनी आयुष्यं घातली, तू किती घालणार आहेस?"

तिरकी उत्तर द्यायला तोंड उघडणार, आणि तशीच थांबली. शंभर थर, दर थरात शंभर. गणकांचंच बोलणं तिच्या डोक्यात घुमायला लागलं. शंभर आणि शंभर. भिंत शंभराहून लांब केली, तर उंची शंभराच्या आत येणार. उंची शंभराच्या वर नेली, तर लांबी आत येणार. दोन्ही वर न्यायच्या म्हटलं तर? एकशे एक गुणिले एकशे एक, दहा हजार दोनशे एक. तेवढे दगडच नाहीत!

ती वळून राजाकडं धावली.

"महाराज!" ती इतक्या जोरात ओरडली, की राजा दचकला. "महाराज, दहा हजार एकाची भिंत होणार असेल, तर तिची एक बाजू शंभराच्या आतच असणार! शंभराच्या पुढं शोधायचीच गरज नाही! आणि या वीसजणांनी एकाहत्तरापर्यंत शोधलंय!"

"मग?"

"मग उरलं किती? बहात्तर नको, दोनानं जात नाही ते बहात्तरानं कसं जाईल? चौऱ्याहत्तर नको. पंच्याहत्तर नको, तीनानं जात नाही..." ती बोटं मोजत गेली, तिची जीभ बोटांच्या पुढं धावत होती. "सत्त्याहत्तर सातानं मेलं, एक्क्याण्णव पण सातानंच. उरले त्र्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याण्णव. पाच! वीस गणक गादीवर लोळले, आणि काम उरलंय फक्त पाच भागाकारांचं! भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ!"

सभेत एकदम कालवा झाला. आबांनी तिचा दंड धरला. ते हळूच म्हणाले, "आणि पाचातला एकही गेला नाही तर?"

न गेला तर आकडा खरोखरच अतूट, आणि मग गणकांचं खरं. तिरकी बापाला म्हणाली, "तर तुमच्या आधी मी खिंड ओलांडीन. पण न भागता नाही जाणार."

राजानं धूळपाटी मागवली. लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली बारीक वाळू. सगळी सभा भोवती दाटली.

तिरकीनं सुरुवात वरून केली. गणक खालून वर गेले, तर आपण वरून खाली यायचं, असा तिचा हिशेब. शहाणपणाही थोडा होताच तिच्यात. सत्त्याण्णव. बोट वाळूवर झरझर फिरलं. बाकी दहा.

"ह्या!" मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वाळू पुसली. एकोणनव्वद. बाकी तेहेतीस. गणकांच्या रांगेत खुसुखुसु हसणं सुरू झालं. त्र्याऐंशी. बाकी एक्केचाळीस. एक म्हातारा गणक म्हणाला, "आमच्या वेळी पोरींना चूल तरी पेटवता यायची." तिरकीनं मान वर केली नाही. एकोणऐंशी. बाकी सत्तेचाळीस.

आता हसणंही थांबलं. लोक बाजूला बघायला लागले. कुणाचं घर मोडताना बघवत नाही, पण मोडूही नये असं कुणी म्हणत नाही. आई मेंढरांपाशी उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. तिरकीचं बोट घामानं वाळूला चिकटत होतं. एकच उरला होता.

तेवढ्यात थोरले गणक घाईघाईनं पुढं आले. "महाराज, ऊन चढलं. चार वेळा पाहिलं, पुरे झालं. हट्टालाही मर्यादा असते. निकाल द्यावा."

राजा काय म्हणतोय याची तिरकीनं वाटच पाहिली नाही. तिनं त्र्याहत्तर मांडलं.

"शंभरात त्र्याहत्तर एकदा," ती मोठ्यानं म्हणाली. "उरले सत्तावीस."

कुणीतरी पुटपुटलं, "सत्तावीस."

"शून्य खाली. दोनशे सत्तर. त्र्याहत्तर त्रिक दोनशे एकोणीस. उरले एक्कावन्न."

"एक्कावन्न," आता दहाबाराजण म्हणाले.

"आता शेवटचा आकडा खाली घ्यायचा." शेवटचा आकडा तो एक. जास्तीचा, शेवटी आलेला, खिंडीबाहेर जायचा एक. तिनं तो एक्कावन्नाच्या शेजारी ओढला. "पाचशे अकरा."

तिचं बोट तिथंच थांबलं. ती मनात पाढा म्हणत होती, आणि सगळी सभा तिच्या ओठांकडं बघत होती. मग तिचे डोळे एवढे मोठे झाले.

"त्र्याहत्तर सत्ते..."

"पाचशे अकरा!" गर्दीतून एक बाई किंचाळली. "पाचशे अकराच होतात गं!"

"बाकी शून्य!" तिरकी उडी मारून उभी राहिली. धूळपाटी उलटली, वाळू राजाच्या अंगरख्यावर उडाली, कुणाला त्याचं काही नव्हतं. "शून्य! शून्य! त्र्याहत्तर थर, दर थरात एकशे सदतीस दगड! एकही बाहेर नाही! तो एक नसता तर पाचशे दहा राहिले असते आणि भागाकार अडकला असता. त्या एकानंच भिंत पुरी झाली!"

मग काय विचारता! जो तो जमिनीवर बसून काडीनं गुणाकार करायला लागला. एकशे सदतीस गुणिले त्र्याहत्तर. ज्याला येत होतं त्यानं न येणाऱ्याला दाखवलं. माळभर एकच ओरडा, "दहा हजार एक! बरोब्बर! माझंही आलं! माझंही!" आबा तर सारखे मुंडासं बांधत होते आणि सोडत होते.

तिरकी मात्र थोरल्या गणकांसमोर जाऊन उभी राहिली. आता ती ओरडत नव्हती.

"गणकबाबा, रीतीप्रमाणं प्रत्येकाच्या वाट्याला एक भागाकार. तुमच्या आधीच्यांचा एकाहत्तर. तुमचा कितीचा होता?"

थोरले गणक खाकरले. उपरणं सावरलं.

"कितीचा होता?" आता राजानंही विचारलं.

"त्र्याहत्तराचा," ते म्हणाले.

तिरकी आणखी एक पाऊल पुढं सरकली.

"मग केला का नाहीत?"

"त्या दिवशी..." थोरले गणक इकडंतिकडं पाहत म्हणाले, "त्या दिवशी जेवणावळ होती. पानं वाढून झाली होती. लोक खोळंबले असते. आणि वाटलं, वीसजणांना नाही सापडलं, ते आता काय सापडणार?"

वाढलेली पानं गार होऊ नयेत, म्हणून एका माणसानं एक भागाकार टाळला. मग तो टाळलेला भागाकार झाकायला त्यानं आकडा अतूट केला. अतूट आकड्याला शेंदूर लावला. शेंदूर टिकावा म्हणून प्रश्न विचारणाऱ्या पोरीला शाळेबाहेर काढलं, आणि शेवटी एका घरालाच खोऱ्याबाहेर काढायला निघाला. मोठ्यांचा आळस असाच वाढत जातो, पोरांनो. पोटात ठेवलेली चूक बाहेर येताना दुसऱ्याचं घर घेऊन जाते.

त्याच संध्याकाळी माळावरचे दगड हलायला लागले. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, गणकसुद्धा कामाला लागले. पाऊस यायच्या आत खिंडीत त्र्याहत्तर थर चढले, मागं मातीचा भराव पडला, आणि त्या वर्षी नदी पहिल्यांदा खोऱ्यात थांबली. मेंढक्याचा दगड मधल्या कुठल्यातरी थरात गेला. कुठल्या, ते सांगता यायचं नाही, कारण सगळ्या खुणा आतल्या बाजूला होत्या.

लोक म्हणाले, थोरल्या गणकांना खिंडीबाहेर घालवा. तिरकी म्हणाली, "नको. माणूस काढून हिशेब सुटत नाही, हे आत्ताच पाहिलंत ना?" राजानं मग त्यांची गादी काढून घेतली आणि त्यांना बांधावर बसवलं. रोज सकाळी पोरांनी यायचं, वाटेल तो प्रश्न विचारायचा, आणि गणकांनी त्याच जागी, सगळ्यांदेखत, वाळूत करून दाखवायचा. येत नसेल तर "येत नाही" म्हणायचं. पहिले काही दिवस त्यांच्या तोंडातून तो शब्दच फुटेना. मग एकदा एका पोरीनं विचारलं, "आजोबा, सगळ्यांत मोठी अतूट संख्या कोणती?" थोरल्या गणकांनी वाळूत काही आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. शेवटी म्हणाले, "येत नाही गं. चल, शोधू." आणि म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदाच त्या दिवशी ते जेवायचं विसरले.

तेव्हा लक्षात ठेवा: "हे होत नाही" असं कुणी म्हटलं, मग तो कितीही थोर असो, त्याला आधी विचारावं की तू स्वतः कुठवर करून पाहिलंस?